खूण नसलेल्या पेशी

माझा धाकटा भाऊ हिरव्या दिव्यालाही थांबतो. मी इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवते आहे. हात थरथरणारे आजोबा, नवऱ्याला पत्ता लागू न देता शिकायला येणाऱ्या बायका, आरशात फक्त स्वतःचा भांग बघणारी पोरं, सगळ्यांना मी मार्गाला लावलं. या एकापुढे मात्र हात टेकले. चौक मोकळा, दिवा हिरवा, मागचे लोक हॉर्न वाजवून आमचा उद्धार करतायत, आणि हा डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, परत डावीकडे. "अरे ठोंब्या, काढ की गाडी," मी ओरडायचे. तो शांतपणे म्हणायचा, "ताई, खात्री नको का करायला?" शेवटी मीच त्याला सांगितलं की तू आपला बसने जात जा. तो अजून बसनेच जातो.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते एखाद्या धांदरट माणसाच्या हातून झालं असतं, तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याचे डबे, त्याचा अभ्यास, त्याचा ताप, सगळं मी काढलं. ठोंब्या हे नावही माझंच. बाहेर त्याला लोक 'सर' म्हणतात. तो एका लॅबमध्ये अँटीबॉडी बनवतो आणि त्यांच्या बाटल्या ठिकठिकाणच्या संशोधकांना जातात. "म्हणजे नक्की काय करतोस रे?" असं मी त्याला दरवर्षी विचारायचे आणि त्याने तोंड उघडलं की चहा टाकायला उठायचे. मला कॅन्सर झाला तेव्हा पहिल्यांदा बसून ऐकलं. उठवतच नव्हतं, हेही एक कारण होतं.

शिकवणीच्या गाडीची स्टेपनी उचलताना माझ्या पाठीत आवाज झाला. नवऱ्याला वाटलं स्टेपनी हातातून निसटली, म्हणून तो आधी तिच्याकडे धावला. पाठीचा मणका मोडला होता. मग तपासण्यांची रांग लागली आणि शेवटी मायलोमा हा शब्द आला. हाडांच्या आतल्या मज्जेत एक पेशी बिघडते आणि तिची पिलावळ सगळी मज्जा बळकावते. हाडं पोखरली जातात, मूत्रपिंडं बसतात, रक्त कमी होतं. डॉक्टरबाईंनी हे सगळं सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट बघत होते.

घरी आल्यावर ठोंब्या माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला.

"ताई, प्रत्येक पेशीच्या अंगावर बाहेरून खुणा असतात. एका अँटीबॉडीला त्यातली एकच खूण कळते. ती सापडली की तिला चिकटायचं, बस. बाकीचं जग तिला दिसतच नाही."

"तुझ्यासारखीच आहे की."

"आमची लॅब तुझ्या आजाराच्या पेशींवरची एक खूण ओळखणारी अँटीबॉडी बनवते. मोनोक्लोनल. म्हणजे एकाच पेशीपासून वाढवलेली सगळी प्रजा, त्यामुळे सगळ्या अँटीबॉडी हुबेहूब सारख्या."

"आणि ती पेशी म्हातारी होऊन मरत नाही?"

आता तो अडखळला. खोटं बोलताना किंवा काही लपवताना तो कानाची पाळी ओढतो, तशी ओढायला लागला. "मरते. म्हणून तिला आम्ही दुसऱ्या एका पेशीशी जोडतो. जी मरत नाही."

"ती कुठली?"

"उंदराची असते."

"कसली पण?"

"मायलोमाची. उंदराच्या मायलोमाची पेशी."

"म्हणजे इतकी वर्षं तुझं पोट माझ्या आजारावर चाललंय," मी म्हणाले. मी थट्टा केली होती. तो मात्र उठला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

पहिल्या औषधांनी मी उभी राहिले. कंबरेला पट्टा बांधून का होईना, पुन्हा शिकवणीला जायला लागले. त्या काळात एकदा त्याची लॅबही बघून आले. अरुंद खोली, घुमणारे फ्रीज, माणसाच्या अंगाइतकी ऊब धरून ठेवणारी कपाटं आणि त्यांत आडव्या ठेवलेल्या चपट्या बाटल्या, तळाशी गुलाबी पाणी. त्यांना ते फ्लास्क म्हणतात. तयार अँटीबॉडीच्या बाटल्या माझ्या करंगळीएवढ्या. प्रत्येकीवर बारीक अक्षरात छापलेलं: फक्त संशोधनासाठी, निदान किंवा उपचारासाठी वापरू नये. मी विचारलं, "म्हणजे आजाऱ्याच्या उपयोगाचं यात काहीच नाही?" तो म्हणाला, "उपयोगाचं आहे, पण लांबून. त्याच्या मधे अजून खूप लोक आहेत." मला ते उत्तर आवडलं नव्हतं.

मग आजार उलटला. डॉक्टरबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे जुन्याच औषधांचा नवा मेळ, लगेच सुरू करायचा; काही जणांना चांगला लागू पडतो. दुसरी म्हणजे मोठ्या इस्पितळात लवकरच सुरू होणारी नव्या उपचाराची ट्रायल. तिथे आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून त्यांना शिकवतात की ही खूण दिसली की मारा. तीच खूण, जिच्यावर ठोंब्याची लॅब काम करत होती. ज्यांना लागू पडलं त्यांच्या मज्जेत आजार शोधूनही सापडेना, असं ऐकू येत होतं. पण अटी दोन. खूण आपल्या पेशींवर असायला हवी. काहींच्या असते, काहींच्या नसते. आणि आधीचे काही आठवडे अंगात दुसरं कुठलंही औषध नको.

"खूण आहे की नाही हे आधी कळणार नाही का?" नवऱ्याने विचारलं.

"ती तपासणी ट्रायलवाल्यांकडेच होते, आणि ट्रायल सुरू झाल्यावरच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोपर्यंत हातावर हात ठेवून बसा, असं मी सांगणार नाही. यांचा आजार थांबणाऱ्यातला नाही."

ठोंब्या मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने विचारलं, "मज्जा काढलीत त्यातलं थोडं उरलं असेल, तर मिळेल?"

उरलं होतं. मी सही केली आणि तो ती नळी बर्फाच्या डब्यात घालून घेऊन गेला. पुढे सलग सुट्ट्या होत्या, इमारतीची वीजदुरुस्ती निघाली आणि ज्या यंत्रावर पेशी एकेक करून बघतात ते बंद राहिलं. सुट्ट्या संपल्यावर सकाळीच त्याचा फोन आला. हिरव्या दिव्याला थांबणारा माझा भाऊ धावत जिना चढल्यासारखा धापा टाकत होता.

"ताई, आहे. भरपूर आहे. सगळ्या पेशी चमकतायत."

"खात्रीने?"

"खात्रीने."

इतकं ठामपणे 'खात्रीने' म्हणताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. नवरा गॅस चालू ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर आला, फोन माझ्या हातातून घेतला आणि ऐकत उभा राहिला. दूध उतू गेलं. आम्ही तिघंही, ठोंब्या फोनच्या पलीकडे, हसत होतो.

डॉक्टरबाईंनी ठोंब्याच्या यंत्रातून निघालेला आलेख बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "ही संशोधनाची अँटीबॉडी आहे. यावर मी निर्णय घेऊ शकत नाही."

"तुम्ही नका घेऊ," मी म्हणाले. "मी घेते."

"हे तुमच्या जिवाशी आहे, म्हणून पुन्हा सांगते. औषध आत्ता सुरू करू या."

"माझा भाऊ चुकत नाही हो."

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या दिवशी तो डॉक्टरबाईंच्या पायाशी होता. त्यांनी तो दाबला आणि मी तरीही गाडी पुढे काढली.

मग वाट बघणं सुरू झालं. औषध नाही, नुसती मी आणि ती पिलावळ. एका सकाळी मला शिंक आली आणि बरगडी मोडली. शिंकेने! नवऱ्याला सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. पुढे जिना चढताना धाप लागायला लागली, पाय सुजले, तोंडाला चव उरली नाही. ठोंब्या रोज संध्याकाळी येऊन बसायचा. तो आलेख नवऱ्याने फ्रीजच्या दारावर चिकटवला होता, उजवीकडे सरकलेला एक उंच डोंगर. पाणी प्यायला उठले की मी त्याच्याकडे बघायचे. दुखत होतं, पण ते दुखणं कशासाठी तरी आहे असं वाटत होतं, आणि तेवढ्यावर माणूस खूप सोसतो.

ट्रायल सुरू झाली. त्यांनी नव्याने मज्जा काढली. त्यांचं उत्तर आलं ते एका वाक्याचं होतं: खूण जवळजवळ एकाही पेशीवर नाही, सबब रुग्णाला घेता येणार नाही.

"त्यांचंच चुकलंय," मी म्हणाले. नवराही तेच म्हणाला.  ठोंब्याने फ्रीजवरचा आलेख काढला, घडी घातली आणि घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला आणि बूट न काढता माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. बूट घालून तो घरात कधी येत नाही, त्यावरून मला अंदाज आला.

"बस."

"नको. ताई, मी मेलेल्या पेशी मोजल्या."

मला कळलं नाही.

"पेशी मेली की तिचं आवरण फाटतं. मग तिला काहीही चिकटतं. कुठलीही अँटीबॉडी टाक, ती चमकते. जिवंत पेशीपेक्षा जास्त चमकते. तुझी नळी सुट्टीभर फ्रीजमध्ये राहिली. यंत्रातल्या जुन्या नोंदीत आकारावरून मोजल्या, त्यातल्या बहुतेक मेल्या होत्या."

"हे तुला आत्ता कळलं?"

"नव्या मुलांना पहिल्याच दिवशी मी हे शिकवतो."

"मग?"

"मेलेल्या वेगळ्या दाखवणारा एक रंग असतो. तो आधी टाकायचा. मग चमकणाऱ्यांतून मेलेल्या वगळायच्या. मी तो टाकला नाही."

"का?"

"सॅम्पल थोडं होतं." त्याने कानाची पाळी धरली. मग हात खाली घेतला. "नाही. ते कारण नाही. रंग टाकला असता तर मेलेल्या दिसल्या असत्या. मग मला तुला सांगावं लागलं असतं की यावरून काही सांगता येत नाही. मला ते सांगायचं नव्हतं. आमच्याकडे नळीवर नाव नसतं ताई, फक्त नंबर असतो. बघणाऱ्याला कोणाची आहे ते कळू नये म्हणून. या नळीवर मी माझ्या हाताने 'ताई' लिहिलं होतं."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. त्यातलं बरंच मला आजही खरं वाटतं. तुझ्या खात्रीपायी माझे आठवडे गेले, माझी बरगडी गेली, हे मी बोलले. तू मला मारलंस, हेही बोलले. तो ऐकत उभा राहिला. एकदाही 'पण' म्हणाला नाही. 'पण' म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं. शेवटी मी त्याला चालता हो म्हणाले आणि तो गेला.

डॉक्टरबाईंनी मला बोल लावला नाही. लगेच औषधं सुरू केली. ती थोडी लागू पडली, मग चालेनाशी झाली. उशीर झाला होता का, की तशीही चालली नसती, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येणार नाही." ठोंब्याने जे सांगायला हवं होतं ते हेच वाक्य. ऐकायला ते इतकं जड नव्हतं. मी ते पेललं असतं, असं मला वाटतं, आणि हे वाटणंच मला झोपू देत नाही.

"त्याला बोलव," नवरा म्हणाला. तो फार बोलत नाही, त्याची भाजी करपते आणि तो ती मुकाट्याने खातो, असा माणूस. "तुला जशी बरी बातमी हवी होती तशी त्यालाही हवी होती. तो परका असता तर चुकला नसता."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस."

"मी कोणाचीच घेत नाही. भांडी पडलीत, तेवढी तरी घासेल."

ठोंब्या आला आणि खरंच भांडी घासायला लागला. आठवडाभर आमचं बोलणं म्हणजे 'साबण कुठाय' आणि 'संपला'. मी माफ केलं असं काही झालं नाही. मला एकटीला भीती वाटत होती, म्हणून तो असलेला बरा, इतकंच.

याच सुमाराला आजार मज्जेतून बाहेर पडून रक्तात दिसायला लागला. मज्जा पुन्हा काढावी लागणार होती. डॉक्टरबाईंनी जरा चाचरत विचारलं, "तुमच्या पेशींवर ती खूण नाही, हे संशोधनाला फार उपयोगाचं आहे. थोड्या पेशी तुमच्या भावाच्या लॅबला दिल्या तर चालेल?"

"म्हणजे माझ्याकडे जे नाही तेच तुम्हाला हवंय," मी म्हणाले आणि तो कागद परत ढकलला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्या बाटल्यांनी मला खड्ड्यात घातलं त्यांनाच आता माझ्या पेशी.

ठोंब्याने हा विषय काढला नाही. मीच काढला.

"कशाला लागतात रे त्या?"

तो ओले हात पुसत बसला. "अँटीबॉडी खूण असलेल्या पेशींना चिकटली, एवढ्याने ती खरी ठरत नाही. बाकी सगळं तसंच, फक्त खूण नाही, अशा पेशींना ती चिकटता कामा नये. चिकटली तर ती बाटली ओतून द्यायची. माणसाच्या तशा पेशी सहसा मिळत नाहीत."

"माझ्यावर तपासून बाटल्या बाहेर जातील तर."

"टिकल्या तर. टिकणार नाहीत ताई. या पेशींना मज्जा लागते, आजूबाजूच्या पेशींचा आधार लागतो. बाहेर काढल्या की थोड्या दिवसांत मरतात."

"सगळ्यांच्याच?"

"बहुतेक सगळ्यांच्या."

"आणि नाही मेल्या तर?"

तो टॉवेलची घडी घालत राहिला. घडी मोडायचा आणि पुन्हा घालायचा.

"सांग की. आता काय उरलंय लपवायला?"

"तर त्यांना मज्जेची गरज उरलेली नाही, असा अर्थ होतो. मग त्यांना कुठेही वाढता येतं. मग औषधाला त्या फारशा जुमानत नाहीत."

 मी त्याला म्हणाले, "मी सही करते. पण माझी अट आहे. नळीवर नाव घालायचं नाही. आणि जे दिसेल ते मला सांगायचं. जसं असेल तसं. गोड करून नाही."

"आमच्या लॅबच्या प्रमुख बाई मला हात लावू देणार नाहीत. तुझ्या नळीला तर नाहीच."

"मग मागे उभा राहून बघ. मला खरं हवंय, ठोंब्या. निदान एवढं दे."

त्याने मान डोलावली.

कोणी स्वतःच्या पेशी मराव्यात म्हणून डोळ्यात प्राण आणून बसलं असेल का? मी बसले. सकाळी उठल्या उठल्या माझ्या मनात तो फ्लास्क यायचा. मरा, मी म्हणायचे. तिथे ऊब आहे, खायला-प्यायला घालतायत, तरी मरा. कारण तिथे मेल्या तर इथे अजून माझ्या ताब्यात आहेत, माझ्या मज्जेला बांधलेल्या आहेत, आणि डॉक्टरबाईंकडे अजून एक औषध शिल्लक होतं, ते त्यांना गाठू शकेल.

पहिल्या खेपेला ठोंब्या आला आणि दारातूनच म्हणाला, "कमी झाल्यात." पुढच्या खेपेला म्हणाला, "अजून कमी. तळाला तुरळक दिसतात."

त्या दिवशी मी उशीला टेकून उठून बसले. एका शिकाऊ बाईचा फोन आला, क्लच सोडताना गाडी बंद पडते म्हणून रडत होती. तिला मी अर्धा तास धारेवर धरलं. पायाने घाई करू नका, गाडी पळून जात नाही, असं मी सांगत होते, आणि नवरा दारातून बघत होता. "आज आवाज मोठा आलाय," तो म्हणाला. करपलेली भाजीसुद्धा मी खाल्ली. ठोंब्याला म्हणाले, बरी झाले की तुला गाडी शिकवणारच, हिरव्या दिव्याला थांबलास तर पाठीत गुद्दा घालीन. तो हसला. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं. डॉक्टरबाईंनी ते उरलेलं औषध सुरू केलं.

मग ठोंब्या यायचा थांबला. फोन केला तर म्हणे काम आहे. दुसऱ्यांदा केला तर उचललाच नाही. नवऱ्याने केला तर त्याच्याशी हवापाण्याचं बोलला. माझ्या गळ्याशी आणि काखेत गाठी आल्या होत्या. औषधामुळे असतील, असं नवरा म्हणत होता आणि मीही हो म्हणत होते.

तो आला तेव्हा उन्हं अजून भिंतीवर होती. बूट काढून, हात धुऊन, माझ्या पलंगाच्या कडेला बसला. नवरा चहाचं विचारायला आला आणि त्याचा चेहरा बघून तसाच परत फिरला.

"मेल्या का?" मी विचारलं.

तो माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिला.

"अट काय होती?"

"आज त्यांना दुसऱ्या फ्लास्कमध्ये घालावं लागलं," तो म्हणाला. "पहिल्यात जागा पुरेना."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, चुकीच्या गियरमध्ये. मी ऐकत राहिले. मला काहीतरी पकडायला हवं होतं.

"कमी झाल्या होत्या ना?"

"ज्यांना आधार लागत होता त्या मेल्या. ज्या उरल्या त्या वाढल्या."

"मेलेल्या वगळल्या का? नीट?"

"लॅबमधल्या एका मुलीने केलं. मी मागे उभा होतो. नळीवर नंबर होता, तिला माहीत नाही कोणाच्या आहेत ते. रंग टाकला होता ताई." त्याने पांघरूण सोडलं. "सगळ्या जिवंत आहेत."

हे त्याने मला नीट सांगितलं. डावीकडे बघून, उजवीकडे बघून, खात्री करून. जसं मी मागितलं होतं तसंच. आणि मी, जिने एवढ्या शिव्या घातल्या, जिने खऱ्याची अट घातली, ती मी त्याचं मनगट धरून म्हणाले, "मला नाही रे मरायचं."

हे मी आजवर कोणालाच म्हणाले नव्हते, नवऱ्यालाही नाही. आता त्याने म्हणावं, ताई, तसं काही होणार नाही. एवढंच म्हणावं, कानाची पाळी ओढत का होईना. मी विश्वास ठेवला असता. त्याच्याकडे बघत मी वाट बघितली.

त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. कानाच्या पाळीकडे एकही हात गेला नाही.